पॅड बांधून बसलेला मुलगा

पालकहो, शाळेच्या संघाची यादी फळ्यावर लागली की त्या संध्याकाळी माझा फोन वाजायला लागतो. बहुतेक फोन आयांचे असतात, थोडे बाबांचे. "बाई, आमच्या हिचं नाव का नाही?" आवाज कधी रडवेला असतो, कधी चढलेला. मी परळ-लालबाग भागातल्या एका मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचे खो-खो, कबड्डीचे संघ बांधते. या नोकरीत सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी पहाटेचा गजर सांगणार नाही, मे महिन्यातलं ऊनही सांगणार नाही. महिनोन् महिने घाम गाळणाऱ्या पोरींमधून मोजकी नावं लिहायची आणि उरलेल्यांच्या डोळ्यांत बघून दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव घ्यायचा, हे सगळ्यात अवघड. फोनवर ते समजावता येत नाही. तेव्हा तुम्ही दुखावलेले असता आणि मी दमलेली. म्हणून आज सवडीने बोलते.

आधी यादी कशी होते ते सांगते. खो-खोत मैदानात नऊ जणी. आठ पाटीवर बसलेल्या, एक पळणारी. आठ जणींची तोंडं आळीपाळीने विरुद्ध दिशेला, त्यामुळे बसलेल्या मुलीला अर्धंच मैदान दिसतं. मागे काय चाललंय ते तिला पावलांच्या आवाजावरून ओळखायचं असतं. पाठीला हात लागून 'खो' ऐकू आला की त्याच क्षणी उठायचं. आधी उठली तर फाऊल, उशिरा उठली तर समोरची निसटली. तुम्ही मैदानाच्या कडेला उभे राहता तेव्हा तुम्हाला दिसते ती खांबावर सूर मारणारी मुलगी. ती दिसायलाच हवी, तिचा पराक्रम तसाच असतो. मी मात्र बघत असते चौथ्या-पाचव्या पाटीवरच्या मुलीकडे. खो मिळत नाहीये, तरी ती टाचा उचलून तयार आहे का? की वेणी सारखी करतेय? शेवटची दोन नावं यावरून ठरतात. वेग पुष्कळ जणींकडे असतो. खो येत नसतानाही सावध राहणं फार थोड्या जणींना जमतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पण जिचं नाव आलंच नाही तिचं काय?

तिच्यासाठीच दादरची एक गोष्ट सांगते. अर्धी तुम्हाला पाठ असेल. फेब्रुवारी १९८८. हॅरिस शिल्ड, म्हणजे आपल्या मुंबईतली सोळा वर्षांखालच्या मुलांची शालेय क्रिकेट स्पर्धा. उपांत्य सामना, आझाद मैदान, दादरची शारदाश्रम शाळा विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, दोघांची अभेद्य भागीदारी ६६४ धावांची. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या डावात पुढच्या नंबरला खेळायला जायचा होता अमोल मुजुमदार. वय तेरा. पॅड बांधून तो बसला, आणि विकेट पडलीच नाही. दुसऱ्या दिवशीही बसला. डाव घोषित झाला, पॅड सोडले. त्या ऐतिहासिक धावफलकात त्याच्या नावापुढे एकही धाव नाही, कारण त्याच्यापर्यंत पाळी आलीच नाही.

त्या रात्री त्याच्या घरी काय बोलणं झालं, मला माहीत नाही. आज आपल्याकडे काय झालं असतं, ते मात्र मला चांगलंच माहीत आहे. सरांना फोन गेला असता. क्लब बदलायची भाषा झाली असती.

मुजुमदार पुढे मुंबईकडून रणजी खेळला आणि प्रथम श्रेणीतल्या पदार्पणातच २६० धावा केल्या. तेव्हा पदार्पणातला तो जागतिक विक्रम होता. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, तीस शतकं. २००६-०७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. आणि एवढं करूनही भारतीय संघात त्याची निवड कधीच झाली नाही. एकदाही नाही. ज्या काळात मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते, त्या काळात तो खेळत होता. पुन्हा पॅड बांधून बसणंच नशिबी आलं, या खेपेला आयुष्यभर.

मग ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. तुम्ही बघितलाच असेल. पण त्याआधीच्या दोन आठवड्यांत जे घडलं, ते मला पालकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. स्पर्धेच्या मध्यावर, इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात, जेमिमा रॉड्रिग्जला अकरा जणींतून बाहेर बसवलं गेलं. एक गोलंदाज जास्त हवी होती. जेमिमा मुंबईची, वांद्र्याची, वडिलांकडून क्रिकेट शिकलेली मुलगी. विश्वचषक चालू असताना बाहेर बसणं काय असतं, याची कल्पना करा. पुढच्या सामन्यात ती परत आली ती नाबाद ७६ करून. आणि ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात, ऑस्ट्रेलियासमोर ३३९ धावांचं लक्ष्य असताना, तिसऱ्या क्रमांकावर जाऊन तिने नाबाद १२७ काढल्या आणि सामना संपवूनच बाहेर आली.

बाहेर बसवण्याच्या निर्णयात कुणाचा किती वाटा होता, ते संघाच्या आतलं. पण ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ती बाहेर बसली आणि परत आली, तो माणूस तेराव्या वर्षी दोन दिवस पॅड बांधून बसला होता. बाहेर बसलेल्या खेळाडूच्या पोटात काय कालवतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार. माझं असं पक्कं मत आहे की चांगला शालेय प्रशिक्षक बहुधा असाच घडतो. ज्याला सगळं सहज मिळालं, त्याला न मिळालेल्यांशी बोलता येत नाही.

शारदाश्रमचे प्रशिक्षक होते रमाकांत आचरेकर सर. शिवाजी पार्कात पाच नंबरच्या गेटजवळ त्यांचं स्मारक डिसेंबर २०२४ मध्ये झालं. कधी मुलांना घेऊन गेलात तर तिथे दोन मिनिटं थांबा. मालवणचा हा माणूस स्टेट बँकेत नोकरी करत होता आणि नोकरी सांभाळून मैदानावर उभा राहत होता. स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळला. त्यांच्या हाताखालून बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, अजित आगरकर, रमेश पोवार अशी किती नावं निघाली. सचिन आधी वांद्र्याच्या शाळेत होता. त्याने शाळा बदलावी, शारदाश्रममध्ये यावं, हे सरांनी घरच्यांना सुचवलं, आणि तेंडुलकरांनी ते ऐकलं. ते पोर शिवाजी पार्काजवळ काका-काकूंकडे राहायला आलं. एका मैदानावर बाद झाला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर खेळायला नेत. संध्याकाळी तो दमला की स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो बाद करील त्याचं नाणं, आणि सत्र संपेपर्यंत नाबाद राहिला तर सचिनचं. तशी तेरा नाणी त्याने आजवर जपून ठेवली आहेत.

सगळे त्या नाण्यांबद्दल बोलतात. मला त्या स्कूटरवरच्या माणसाचा विचार येतो. बँकेतून सुटलेला, घरी बायको-मुलं वाट बघतायत, पेट्रोल स्वतःच्या खिशातलं. हा पोरगा सचिन तेंडुलकर होणार आहे, हे त्याला तेव्हा कुठे माहीत होतं? आणि मागच्या सीटवर बसून गेलेल्या बाकीच्या पोरांचं काय? त्यांतले बहुतेक बँकेत, रेल्वेत, कुठल्या तरी ऑफिसात नोकरीला लागले असतील. स्कूटर त्यांच्यासाठीही तेवढीच धावली.

या सरांबद्दल एक गोष्ट मात्र मी जशीच्या तशी उचलणार नाही. सचिनने स्वतः अनेकदा सांगितलेला प्रसंग आहे. सरांनी लावून दिलेला सामना सोडून तो आपल्या शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला वानखेडेवर गेला. सरांनी तिथेच मुस्कटात मारली, डबा उडाला, आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, तुझ्यासाठी वाजतील असा खेळ, अशा अर्थाचं ते बोलले. सचिन हे कृतज्ञतेने सांगतो, आणि काही पालक मला हे ऐकवून म्हणतात, "बाई, वेळ पडली तर द्या दोन ठेवून, आमची हरकत नाही." माझी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारणं बंद केलं, ते योग्यच केलं. त्या एका थपडेतून एक सचिन उभा राहिला असेल. तसल्या थपडांनी मैदान कायमचं सोडून गेलेली मुलं कुणी मोजलेली नाहीत. मला सरांकडून घ्यायची आहे ती त्यांची नजर. आपला विद्यार्थी या घटकेला कुठे आहे आणि कुठे असायला हवा, हे त्यांना माहीत होतं. ते माहीत असलं की हात उचलावा लागत नाही.

आणि त्यांचं मौनही मी पूर्ण घेणार नाही. २०१३ मध्ये वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिन म्हणाला होता की एकोणतीस वर्षांत सरांनी मला 'छान खेळलास' असं कधी म्हटलं नाही, मी सुखावून सराव सोडीन म्हणून. सचिनला ते पेललं. माझ्या पाटीवर बसलेल्या आठवीतल्या मुलीला नाही पेलत. मी तिला म्हणते, आज तीन वेळा वेळेवर उठलीस. तेवढंच. पण म्हणते.

आता जरा पडद्यामागचं. सराव हा आमच्या कामाचा सगळ्यात आनंदाचा आणि सगळ्यात छोटा भाग. स्पर्धेच्या मोसमात जन्मदाखले, बोनाफाईड, आधारच्या झेरॉक्स, फोटो, मुख्याध्यापकांची सही, जिल्हा क्रीडा कार्यालयाची अंतिम तारीख यांतच जीव जातो. ऐन वेळी कुणाच्या दाखल्यावर आडनाव वेगळं निघतं. सामना कुठे लांब उपनगरात असला की सकाळच्या गर्दीत एवढ्या पोरींना करी रोडला लोकलमध्ये चढवायचं आणि तितक्याच उतरवायच्या. पिशवीत बँडेज, बर्फाचा स्प्रे, ग्लुकोज, सॅनिटरी पॅड, जादा सेफ्टी पिना. सराव घ्यायला जागा म्हणाल तर शाळेचं पटांगण दोन रिक्षा उभ्या राहतील एवढं. नरे पार्क, कामगार मैदान मिळालं तर सोनं, पण तिथेही कधी मंडप असतो, कधी मोठ्या मुलांचं क्रिकेट. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मॉल आले. पोरांना पळायला जागा मिळाली नाही. आणि मराठी शाळांचे वर्ग ओस पडत चालल्यामुळे एका वयोगटात संघापुरत्या मुली मिळवायच्या म्हटलं तरी नाकी नऊ येतात. या सगळ्याचा ताण तुमच्या मुलींना दिसू नये, अशी आमची धडपड असते.

पैशाचं विचाराल तर या वाटेला कुणी पैशासाठी येत नाही. दादरच्याच श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी कस्टम्समधली नोकरी सांभाळून मल्लखांब शिकवण्यात जन्म घातला. दृष्टिहीन मुलींनाही त्यांनी मल्लखांबावर चढवलं. ज्यांना खांब दिसत नाही त्या मुली हातापायांच्या स्पर्शाने वर जातात आणि आसनं करतात, हे ज्याने पाहिलं त्याला 'हिला नाही जमणार' हे वाक्य उच्चारताना जीभ अडेल. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कात भरली. २०२४ मध्ये सरांना पद्मश्री मिळाली. पण त्याआधीच्या हजारो संध्याकाळी कुणी हार घेऊन आलेलं नव्हतं.

मग आम्हाला मिळतं काय? मला जे मिळालं त्यातलं एक सांगते. माझ्या संघात एक मुलगी होती, लालबागच्या चाळीतली. दोन वर्षं राखीव. उंची कमी, पळण्यात मध्यम. तिच्या आईने मला गाठून सुनावलं होतं, "बाई, नुसती पिशव्या सांभाळायला नेता का माझ्या पोरीला?" मला उत्तर सुचलं नाही. मी आईला म्हटलं, "ताई, शनिवारी सामन्याला या, माझ्या शेजारी बसा." त्या आल्या. मुलगी बाहेर बसली होती, पण मांडीवर वही. समोरच्या संघाची कोणती तुकडी किती वेळ तग धरते, कोण डावीकडे हुलकावणी देते, सगळं टिपत होती. मध्यंतराला आमच्या मुली तिच्याभोवती गोळा झाल्या. ती बोट दाखवून सांगत होती आणि आमची कर्णधार मान डोलावत होती. आई बघत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "घरी तर ही तोंड उघडत नाही." ती मुलगी आता केईएममध्ये परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून कधी कधी सरावाला येते, लहान मुलींना खो द्यायला शिकवते. संघात तिने फारसे गडी बाद केले नाहीत. तरी मला विचाराल तर माझ्या हातून झालेलं चांगलं काम म्हणजे ती.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. महिला संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. त्यानंतर आमच्याकडे नाव घालायला येणाऱ्या आयांची संख्या वाढली. आनंद आहे. पण आल्या आल्या पहिला प्रश्न, "बाई, हिला भारताकडून खेळता येईल का?" याचं खरं उत्तर द्यायचं तर बहुतेक जणींना नाही. क्रीडागुणांची सवलत मिळू शकते, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, तेही नीट समजावून सांगीन. पण त्या हिशोबाने मुलगी पाठवलीत तर पहिल्या पराभवाला तुम्हालाच घाटा दिसेल, आणि तो तुमच्या तोंडावर तिला वाचता येईल.

सामन्याला जरूर या. टाळ्या वाजवा, दोन्ही संघांसाठी वाजवल्यात तर फारच छान. फक्त कडेवरून सूचना देऊ नका. मी म्हणते 'थांब' आणि तुम्ही म्हणता 'पळ', त्यात ती पोर अडखळते. परतताना गाडीत चुकांचा पाढा वाचू नका. तिला चुका माहीत असतात, तुमच्या आधी. डब्यात केळं, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेलं अंडं द्या. महागड्या पावडरी नकोत. टाच किंवा गुडघा दुखतो म्हणाली तर नाटक समजू नका, मला सांगा. वाढत्या वयात शाळा, क्लब आणि शिबिर असं तिन्हीकडे खेळणाऱ्या मुलींना ते होतं, आणि त्यावर विश्रांतीच लागते. वयाच्या दाखल्यात खाडाखोड करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. लहान वयोगटात खोटं जिंकलेली मुलगी पुढे स्वतःच्या वयाच्या मुलींसमोर उभी राहायला घाबरते.

मुलींच्या आयांचं एक वेगळं असतं, आणि ते मला मनापासून कळतं. उशीर होईल, सोबत कोण, हाफ पॅन्ट घालावी लागेल, पाळीच्या दिवसांत काय. हे प्रश्न बिनधास्त विचारा, संकोच नको. प्रत्येक मुलगी घरी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय मी जेवायला बसत नाही. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं, मी सक्ती करत नाही आणि तुम्हीही करू नका.

आणि आता जून तोंडावर आला आहे, म्हणून शेवटचं, आणि यासाठी मी खरं तर इतकं सगळं बोलले. नववीचा निकाल लागतो आणि माझ्या संघातल्या निम्म्या मुली नाहीशा होतात. "बाई, दहावी आहे ना." क्लासची फी भरलेली असते, वेळापत्रक भिंतीवर लागलेलं असतं, आणि त्यात खेळाचा रकाना नसतो. चार वर्षं शिकून ती मुलगी नुकती कुठे पिकायला लागलेली असते. ज्या वर्षी तिला सगळ्यात जास्त ताण येणार, नेमक्या त्याच वर्षी आपण तिचं पळणं काढून घेतो. दिवसभर वाकून बसलेल्या मुलीला संध्याकाळी घाम आला तर रात्री दोन धडे जास्त होतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. स्पर्धांना नाही पाठवायचं तर नका पाठवू, तो निर्णय तुमचा. सराव मात्र तोडू नका. आठवड्यातले तीन दिवस, सकाळी सहा ते सात, नरे पार्क. क्लासच्या वेळेशी जुळत नसेल तर वेळापत्रक घेऊन शाळेत या. तुम्ही, ती आणि मी, तिघं बसून जागा काढू.